आधी हालचाल शोधा, मग यंत्र

पेटी वाजवायची तर उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा भात्यावर लागतो. अर्धांगवायूच्या झटक्यात डावा हात गेला, की उजव्या हाताची पाचही बोटे पूर्वीसारखी फिरत असली तरी पेटी बोलत नाही, कारण हवा भरणारा हातच उरलेला नसतो. तबल्याचे तसेच, डग्ग्याशिवाय ठेका उभा राहत नाही. बासरीला दोन्ही हातांची बोटे हवीत आणि वर दमसास हवा. सतार म्हणजे मांडी घालून तासन्‌तास बसणे आले. आपली बहुतेक वाद्ये धडधाकट शरीर गृहीत धरून घडली आहेत. आजाराने किंवा अपघाताने त्या गृहीताला धक्का बसला की वाद्य कपाटावर जाते आणि घरचे प्रेमाने म्हणतात, "आता नुसतं ऐकत जा."

ऐकण्यावर थांबायचे काही कारण नाही. घरात स्मार्टफोन असेल किंवा मुलाने बाजूला टाकलेला जुना लॅपटॉप असेल, तर संगीत करता येते. ते कसे करायचे हे या लेखात जमेल तितक्या तपशिलात सांगतो. संधिवात, कंपवात, पक्षाघात, मणक्याची इजा, सेरेब्रल पाल्सी, अंधत्व, किंवा थोड्या श्रमाने दमवणारा एखादा आजार, कारण कोणतेही असो, सुरुवात एकाच ठिकाणाहून होते.

त्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. १९८३ साली अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या व्यापारी प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर वायरीने जोडून दाखवले होते. एकाची पट्टी दाबली की दुसराही वाजत होता. दोघांमधल्या त्या बोलीचे नाव मिडी. चाळीस वर्षे उलटली तरी आजचे बहुतेक सॉफ्टवेअर तीच बोलते. मिडीत आवाज साठवलेला नसतो, हुकूम साठवलेला असतो: कोणता स्वर, कधी, किती वेळ आणि किती जोरात. जोर मोजायला १ ते १२७ असे आकडे. शरीराने अडलेल्या माणसाच्या दृष्टीने सगळे या साध्या व्यवस्थेत आहे. हुकूम द्यायला बोटच लागते असे नाही, कोपर चालते, हनुवटी चालते, फुंकर चालते. शिवाय हुकूम गाण्याच्या वेगाने द्यावा लागत नाही. सकाळी तीन स्वर भरले, दुपारी पडून राहिलात, संध्याकाळी आणखी पाच भरले, तरी ऐकताना ओळ सलगच वाजते. वाजवणाऱ्याचा वेळ आणि गाण्याचा वेळ यांची गाठ सुटली.

भरवशाची एक हालचाल

कोणतेही अ‍ॅप उतरवण्याआधी स्वतःकडे नीट बघा. फोनवर मेट्रोनोम लावा, मिनिटाला ६० ठोके. प्रत्येक ठोक्याला टेबलावर बोटाने टिचकी मारून पाहा. मग मनगटाने, कोपराने, गुडघ्याने, पायाच्या अंगठ्याने, मानेने, भुवईने. घरातल्या कुणाला तरी मोबाईलवर चित्रण करायला सांगा. आपल्याला जे जाणवते आणि प्रत्यक्ष जे घडते त्यात फरक असतो, तो चित्रणात दिसतो.

शोधायची ती अशी हालचाल, जी दर वेळी येते, दुखत नाही आणि दहा मिनिटांनंतरही तशीच येते. ठोक्यावर अचूक बसते की नाही ते नंतरचे. जोर किती, हे तर अगदी शेवटचे, कारण जोर यंत्रातून भरता येतो. अशी एक हालचाल सापडली की पुरे. दोन सापडल्या तर दुसरी "थांब" आणि "पुन्हा" या हुकमांसाठी राखून ठेवा.

इथे बरेच जण एक गल्लत करतात. दुबळ्या हाताला व्यायाम होईल म्हणून मुद्दाम त्याच हाताने संगीत करायला बसतात. व्यायामाची वेळ वेगळी ठेवा, तो फिजिओथेरपिस्टच्या सांगण्याप्रमाणे करा. गाण्याला बसताना जे अंग सर्वांत चांगले चालते तेच वापरा. नाहीतर पंधरा मिनिटांत हात भरून येतो, मन खट्टू होते आणि दोष संगीतावर जातो.

दिवसातली वेळही पाहा. संधिवातात सांधे सकाळी आखडलेले असतात, पार्किन्सनमध्ये गोळीचा अंमल असतो तेव्हाच हात ऐकतो. तुमचा तो तास ठरवून टाका आणि घरच्यांना सांगून ठेवा. मुंग्या आल्या, बधिरपणा आला, दुखू लागले तर त्या क्षणी थांबायचे. एवढे कडवे संपवू आणि मग उठू, असे नाही. आपल्याकडे साठवलेले कुठे जात नाही.

आता बैठक. व्हीलचेअरचे हात टेबलाखाली जातील इतके टेबल उंच हवे. अंथरुणावर असाल तर जेवणाचे घडीचे टेबल चालते. कोपराखाली उशी ठेवा, कारण अधांतरी हात लवकर थकतो. फोन हातात धरूच नका. पलंगाला किंवा टेबलाला अडकवायचे लवचीक मानेचे स्टँड बाजारात मिळते, ते तुमच्या तोंडासमोर आणा.

एका हाताची पेटी, एका बोटाचा तबला

एक हात चांगला चालत असेल तर २५ पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड बघा. त्याला भाता नाही, त्यामुळे पक्षाघात झालेल्या पेटीवाल्याची मुख्य अडचण तिथेच संपते. यातल्या काहींच्या पट्ट्या नेहमीपेक्षा अरुंद असतात. ज्याचा पंजा पुरता उघडत नाही त्याला हे सोयीचे, कारण मध्य सा ते तार सा थोडक्या अंतरात येतो. पण ज्याचा हात झटका देऊन पडतो, त्याच्याकडून अरुंद पट्ट्यांवर दोन-दोन स्वर एकदम दाबले जातात. त्याने रबरी पॅड असलेले यंत्र घ्यावे किंवा टॅबलेटच्या पडद्यावर मोठ्या पट्ट्या उघडाव्यात. म्हणून सांगतो, यंत्र दुकानात स्वतः दाबून पाहिल्याशिवाय घेऊ नका, आणि पाहाल ते नेहमीच्या बसण्याच्या उंचीला.

घेताना दोन सोयी विचारा. एक 'लॅच': एकदा दाबलेला स्वर बोट उचलले तरी धरून ठेवला जातो. सा आणि प असे धरून ठेवले की तुमचा एकुलता हात चालीसाठी मोकळा. दुसरी 'फुल लेव्हल': कितीही हलके दाबले तरी पॅड पूर्ण जोराने वाजतो. अकाईच्या एमपीके मिनीसारख्या यंत्रात 'फुल लेव्हल'ची सोय आहे. पाय चालत असेल तर स्वर लांबवणारे सस्टेन पेडल जोडा. ते पायाखालीच हवे असे नाही, गुडघ्याच्या आतल्या बाजूला पट्ट्याने बांधूनही चालते.

आयफोन-आयपॅडवरच्या गॅरेजबँडला पैसे पडत नाहीत आणि त्यात एक फार उपयोगी सोय आहे. कीबोर्डला एखादी स्वरमालिका ('स्केल') ठरवून दिली की बाकीचे स्वर पडद्यावरून नाहीसे होतात. 'मेजर पेंटाटोनिक' निवडले की सा रे ग प ध एवढेच उरतात, म्हणजे भूपाचे स्वर. 'मायनर पेंटाटोनिक' निवडले की सा, कोमल ग, म, प, कोमल नि, म्हणजे धानीचे. हात कुठेही पडला तरी बेसूर काही लागत नाही. थरथरत्या हाताला या खात्रीने जो धीर येतो तो मी पाहिलेला आहे. अर्थात पाच स्वर म्हणजे भूप नव्हे, तेच पाच देसकारातही असतात. रागाची चाल तुमच्या कानातून यायची आहे, अ‍ॅप फक्त कुंपण घालते.

तबल्याकडे येतो, कारण इथे डिजिटल साधनांनी जे साधते ते खऱ्या तबल्यावर एका हाताला अशक्य आहे. 'धा' म्हणजे उजव्याचा 'ना' आणि डाव्याचा 'गे' एकत्र. 'धीं' म्हणजे 'तीं' आणि 'गे' एकत्र. दोन हातांचे हे काम एका पॅडवर बसवता येते. ओळखीच्या एखाद्या तबलजीला विनंती करा. तुमच्या पट्टीत तबला लावून त्याने धा, धीं, ना, तीं, गे, क असे सुटे बोल वाजवायचे, प्रत्येक बोल तीन-चारदा, मध्ये थोडी शांतता ठेवून. ते मुद्रित करून त्यातला सर्वांत स्वच्छ निवडा आणि सॅम्पलरमध्ये, म्हणजे मुद्रित आवाज पॅडवर वाजवणाऱ्या साधनात, एकेका पॅडवर एकेक बोल बसवा. अँड्रॉइडवर आणि संगणकावर फुकट चालणाऱ्या बँडलॅबमध्ये सॅम्पलर आहे. रीपर या सॉफ्टवेअरमध्येही आहे, त्याचे नाव जरा लांबलचक: रीसॅम्पलोमॅटिक ५०००.

आता दादरा घ्या: धा धीं ना, धा तीं ना. सहा मात्रा आणि चार पॅड. एका बोटाने मिनिटाला ६० मात्रांच्या संथ चालीत वाजवून ध्वनिमुद्रित करा, नंतर गती १८० वर न्या. मिडीत हुकूमच असल्यामुळे गती वाढवली तरी तबल्याचा सूर चढत नाही. मग जोराचे आकडे बघा. समेच्या 'धा'ला ११० ठेवलात तर चौथ्या मात्रेवर ८५ ठेवा, 'तीं'ला ७० पुरेत. एवढ्याने ठेक्यात खाली-भरी दिसू लागते. सहा मात्रांचा तुकडा करून तो सगळ्या गाण्यात चिकटवत जाण्याचा मोह होतो, तो टाळा. चार आवर्तनांचा तुकडा करा, तिसऱ्यात एखादा 'क' जास्त घाला, चौथ्याच्या शेवटी ठेका थोडा भरून समेवर आणा. एवढी मेहनत घेतली नाही तर ऐकणाऱ्याला दुसऱ्या कडव्यातच यंत्राचा वास येतो.

हळू भरायचे, लयीत ऐकायचे

ज्यांची हालचाल फार सावकाश आहे किंवा हात कापतो, त्यांनी सलग वाजवण्याच्या फंदात न पडता 'स्टेप इनपुट' शिकावे. मात्रेची लांबी निवडायची आणि एक स्वर दाबायचा. कर्सर आपोआप पुढे सरकतो आणि वाट बघत उभा राहतो. पाच सेकंद लागोत की पाच मिनिटे. चाल आधी कागदावर भातखंडे पद्धतीने लिहिलेली असेल तर हे काम फार सोपे जाते, कारण मात्रांचे खण आधीच पाडलेले असतात.

थरथरणाऱ्या बोटाने एकच स्वर दोनदा उमटतो. आयफोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये 'टच अ‍ॅकोमोडेशन्स' आहे. तिथे बोट किती वेळ टेकल्यावर स्पर्श धरायचा आणि लगेच आलेला दुसरा स्पर्श किती वेळ दुर्लक्षायचा हे ठरवता येते. विंडोजमध्ये 'फिल्टर कीज' आणि 'स्टिकी कीज' आहेत. स्टिकी कीज लावल्या की कंट्रोल आणि दुसरे बटण एकदम दाबावे लागत नाही, एकामागून एक दाबले तरी चालते. हे संगणकाच्या कीबोर्डपुरते. मिडी कीबोर्डवर उमटलेले जादा स्वर नंतर निवडून पुसायचे.

लयीबाहेर पडलेले स्वर मात्रेवर आणून बसवणाऱ्या सोयीला 'क्वांटाइझ' म्हणतात. ती शंभर टक्के लावू नका. ठेक्याला ती चालते, चालीला चालत नाही. आपल्याकडे गाणारा स्वर मात्रेच्या किंचित मागे ठेवतो आणि त्यातच गोडवा असतो. प्रमाण ६०-७० टक्क्यांवर ठेवून ऐका. जिथे मुद्दाम रेंगाळला होतात तो स्वर हाताने परत मागे घ्या.

पेटीवाल्यांनी मींडेकडे आवर्जून वळावे. पेटीला मींड नाही, मिडीला आहे. 'पिच बेंड' नावाच्या रेषेने स्वर वाकवता येतो. नेहमीच्या मांडणीत ती सा पासून शुद्ध रे पर्यंत, म्हणजे दोन अर्धस्वर जाते. ध्वनी ज्यातून निघतो त्या वाद्याच्या सेटिंगमध्ये ही मर्यादा १२ केली की पूर्ण सप्तकाची मींड मिळते. ही रेषा माउसने संथपणे काढता येते. चढण सुरुवातीला हळू आणि शेवटी जलद ठेवलीत तर ती गळ्यासारखी वाटते, सरळ रेषा काढलीत तर भोंग्यासारखी. अशी एक मींड मनासारखी बसवायला अर्धा तास गेला तरी वाईट वाटून घेऊ नका. गवई तिच्यासाठी कितीतरी अधिक वेळ देतो.

बोटे चालत नसतील तेव्हा

एकच हालचाल उरली असेल, तर 'स्विच'च्या मार्गाने जायचे. आयफोनवर 'स्विच कंट्रोल' आणि अँड्रॉइडवर 'स्विच अ‍ॅक्सेस' या सोयी मिळतात. पडद्यावरच्या गोष्टींवर चौकट आपोआप फिरत राहते. हवी त्या जागी आली की स्विच दाबायचा. स्विच म्हणजे उशीशेजारी ठेवलेले मोठे बटण असू शकते. अँड्रॉइडमध्ये तर कॅमेऱ्याकडे बघून भुवई उंचावणे किंवा हसणे हाही स्विच धरला जातो. २०२४ मध्ये आलेल्या आयओएस १८ पासून आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनवर समोरच्या कॅमेऱ्याने नजरेचा मागोवा घेता येतो. नजर स्थिर करायला सराव लागतो आणि डोळे थकतात, म्हणून सुरुवातीला दहा मिनिटांवर जाऊ नका.

बार्सिलोनात तयार झालेले आयहार्प हे डोळ्यांनी वाजवायचे वाद्य आहे. पडद्यावर स्वरांचे वर्तुळ असते, ज्या स्वराकडे पाहाल तो वाजतो. अमेरिकन संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरॉस यांच्या पुढाकाराने तयार झालेले औमी हे फुकट अ‍ॅप कॅमेऱ्यातून डोक्याची किंवा हाताची हालचाल ओळखते आणि त्यावर ध्वनी वाजवते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांपासून सुरुवात करायची असेल तर मी आधी हेच उघडेन. मूल मान वळवते, ढोल वाजतो, आणि वाजवणारे आपण आहोत हे त्याला लगेच कळते.

फुंकर शाबूत असेल तर 'ब्रेथ कंट्रोलर' बघा. तोंडात धरायच्या नळीतून हवेचा दाब मोजला जातो आणि त्याने स्वर लहान-मोठा होतो. स्वर आधी स्टेप इनपुटने भरून ठेवायचे आणि नंतर सगळ्या ओळीवर फक्त फुंकर मुद्रित करायची. बासरी सोडावी लागलेल्या माणसाला हा मार्ग फार जवळचा वाटेल, कारण फुंकेवरचा ताबा ही त्याची कमाई वाया जात नाही.

संगणकावर काम करणाऱ्यांना एक स्वस्त युक्ती सांगतो. काही शे रुपयांना मिळणारा सुटा यूएसबी नंबरपॅड आणा. रीपरमध्ये कोणत्याही बटणाला कोणतेही काम लावून देता येते. एक म्हणजे मुद्रण, दोन म्हणजे थांब, तीन म्हणजे शेवटचे पुसा, चार म्हणजे ओळीच्या सुरुवातीला चला. अशी आठ-दहा कामे लावली की सबंध कीबोर्डवर हात फिरवायला नको. मधल्या पाचवर खड्याची टिकली चिकटवा, न बघता बोट जागेवर येते. पॅड मांडीवर, उशीवर, पायाशी कुठेही ठेवता येतो. रीपर ६० दिवस फुकट वापरून बघता येते, नंतर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे.

दिसत नाही त्यांच्यासाठी रीपर हीच माझी पहिली शिफारस. त्यावर ओसारा हे मोफत जोडसॉफ्टवेअर आणि एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर बसवला की सगळे काम माउसशिवाय, ऐकून करता येते. ओसारा लिहिणाऱ्यांपैकी एक जेम्स तेह हे स्वतः अंध आहेत आणि एनव्हीडीएच्या दोन संस्थापकांपैकीही एक आहेत. वापरणाऱ्यानेच घडवलेले साधन आहे, हे पावलोपावली जाणवते. आयफोनवर गॅरेजबँड आणि व्हॉइसओव्हर यांचे चांगले जमते. गाताना स्क्रीन रीडरचा आवाज एकाच कानात ठेवा आणि हेडफोन घट्ट बसणारा घ्या, म्हणजे तो आवाज माईकमध्ये शिरणार नाही.

गळा

१९९० साली ब्रुकलिनमध्ये एका खुल्या कार्यक्रमात मंचावरचा दिव्यांचा सांगाडा अंगावर पडून अमेरिकन गायक कर्टिस मेफील्ड मानेखाली लुळे झाले. गिटार कायमची सुटली. तरी १९९६ मध्ये त्यांचा 'न्यू वर्ल्ड ऑर्डर' हा अल्बम आला. त्याचे गायन त्यांनी उताणे पडून, एकेक ओळ करून मुद्रित केले. श्वास कमी पडणाऱ्या प्रत्येकाला ही पद्धत उपयोगी आहे.

ओळ अर्धी करा. पहिला अर्धा भाग तीनदा गा, विश्रांती घ्या, मग दुसरा. प्रत्येकातला चांगला निवडा आणि जोड श्वासाच्या जागी द्या. श्वासाचा आवाज पुसू नका. तो पुसला की दोन तुकडे दोन माणसांनी गायल्यासारखे लागतात. एका ओळीचे सगळे टेक त्याच बैठकीत घ्या, कारण सकाळचा आणि संध्याकाळचा गळा जुळत नाही. आडवे पडून गाणार असाल तर कॉलरला लावायचा छोटा माईक सोयीचा. तो हनुवटीपासून वीतभर खाली लावा, श्वास थेट त्यावर पडू देऊ नका.

आजारानंतर आवाज उतरतो आणि जुनी पट्टी झेपत नाही. साथ मिडीत असेल तर काळी चारवरून पांढरी चारवर येणे म्हणजे सगळ्या स्वरांना तीन अर्धस्वर खाली उतरवायचे, एका आकड्याचे काम. सुटे बोल मुद्रित केलेला तबला मात्र असा उतरवला की भोंगळ वाजतो, त्यामुळे गळ्याची पट्टी आधी पक्की करा, तबलजीला नंतर बोलवा.

खोलीचा घुमारा मारायला कपड्यांचे उघडे कपाट पाठीशी घ्या किंवा मागे गोधडी टांगा. पंखा बंद करावा लागतो, म्हणून उन्हाळ्यात भल्या सकाळी बसा. आणखी एक, तोंडी हुकमांवर फोन चालवत असाल तर गाणे आणि हुकूम एकाच माईकवर येतात. मुद्रण सुरू-बंद करायला तोंडाव्यतिरिक्त काहीतरी, नंबरपॅडचे बटण किंवा स्विच, ठेवाच.

दुसऱ्याचे हात

अमेरिकन गिटारवादक जेसन बेकर यांना विशीच्या उंबरठ्यावर एएलएस हा स्नायू निकामी करणारा आजार झाला. हात गेले, वाचा गेली. वडिलांनी बसवलेल्या खुणांच्या पद्धतीने ते डोळ्यांच्या हालचालींतून बोलतात, आणि संगणकाच्या साहाय्याने संगीतरचना करत राहिले आहेत. स्वर भरणारे हात दुसऱ्याचे असू शकतात, निवड तुमची असते. ही मदत कमीपणाची मानू नका. चित्रपटसृष्टीत चाल एकाची, वाद्यमेळ दुसऱ्याचा आणि वाजवणारे वेगळेच, हे कायमचे आहे.

मदत करणाऱ्याला संगीत येत नसले तरी चालते. कीबोर्डच्या पट्ट्यांवर सा रे ग म लिहिलेल्या चिकटपट्ट्या लावा, म्हणजे नातवंडही तुम्ही सांगाल तो स्वर भरू शकते. आधी ओळीचे स्वर सांगा, नंतर मात्रा, नंतर जोर. एका वेळी एकच गोष्ट सांगितली की चुका कमी होतात. एक नियम मात्र दोघांनी पाळायचा. "हे असं छान वाटतंय" असे म्हणून मदतनीसाने परस्पर स्वर बदलायचा नाही, विचारायचे. गाणे कुणाचे, हा प्रश्न इथेच सुटतो किंवा अडतो.

खर्च आणि कुरबुरी

पहिला महिना काही विकत घेऊ नका. आहे त्या फोनवर गॅरेजबँड किंवा बँडलॅबने भागवा. पहिला खर्च तारेच्या हेडफोनवर करा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये दाबलेला स्वर उशिरा ऐकू येतो आणि नवशिक्याला वाटते आपलीच लय बिघडली. फोनला भोक नसेल तर टाइप-सीचे कन्व्हर्टर मिळते. लॅपटॉपवर तरीही उशीर जाणवला तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये 'बफर'चा आकडा २५६ किंवा १२८ करा. २५६ ला त्या टप्प्यावरचा उशीर सहा मिलिसेकंदांच्याही आत येतो. आवाज तडतडू लागला तर मशीनला झेपत नाही असे समजून एक पायरी वर जा.

गाणे पुरे झाले की दोन फायली काढा. ऐकायला द्यायची ती एमपी३, आणि पुढे कुणी त्यावर वाजवणार असेल त्याच्यासाठी डब्ल्यूएव्ही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. सोलापूरच्या मित्राने त्यावर टाळ वाजवून पाठवायचे असतील किंवा पुण्याच्या मैत्रिणीने व्हायोलिन, तर गाण्याआधी चार रिकामे ठोके ठेवा आणि त्याने तेही धरूनच मुद्रित करून पाठवावे असे सांगा, म्हणजे परत आलेला तुकडा जागेवर बसवायला शोधाशोध होत नाही. फायलीच्या नावात पट्टी, ताल आणि गती लिहा: "पांढरी चार, दादरा, १८०".